तंत्रज्ञान, संवाद आणि समाज : प्रश्न कोण विचारणार?

माहिती-तंत्रज्ञानाचे युग अवतरले आहे, जग हे एक खेडे झाले आहे, ही वाक्ये आता ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहेत. विद्यापीठांच्या सभागृहांत 'तंत्रज्ञान, संवाद आणि समाज' अशा भारदस्त नावाच्या संशोधन कार्यशाळा भरतात. फलक लागतो, दीपप्रज्वलन होते, पुष्पगुच्छ दिले जातात, बीजभाषण होते, पडद्यावर चित्रे सरकतात, दुपारचे जेवण होते आणि संध्याकाळी प्रमाणपत्रे वाटली जातात. संशोधक विद्यार्थी ते प्रमाणपत्र फाईलमध्ये लावतो आणि गावी परततो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमावलीने प्रबंध सादर करण्यापूर्वी एक शोधनिबंध प्रसिद्ध करणे आणि दोन परिषदांत निबंध वाचणे सक्तीचे केले होते. त्या सक्तीपायी परिषदांचे आणि कार्यशाळांचे उदंड पीक आले. २०२२ च्या नव्या नियमावलीने ही सक्ती काढून टाकली. बरे झाले. प्रमाणपत्राची गरज सरली असेल, तर आता खऱ्या प्रश्नाकडे वळायला हरकत नाही. समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातून आलेल्या, जिची आई आजही दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाते अशा मुलीने या विषयावर संशोधन करायचे ठरवले, तर तिने नेमका कोणता प्रश्न हाती घ्यावा? आणि तो प्रश्न निवडण्याचा अधिकार कुणाचा?

हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात विचारणे अधिक सयुक्तिक आहे. कारण तंत्रज्ञान आणि समाज यांच्या नात्याची जेवढी चर्चा या जिल्ह्याच्या मातीत झाली, तेवढी देशातील फार थोड्या जिल्ह्यांत झाली असेल. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम मगनवाडीत सुरू झाले. जे. सी. कुमारप्पा यांच्यासारखा अर्थशास्त्रज्ञ तेथे राबला. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योगातून शिक्षण ही 'नई तालीम'ची कल्पना पुढे आली. १९३८ मध्ये मगन संग्रहालय उभे राहिले. चरख्याच्या सुधारित रचनेसाठी चरखा संघाने १९२९ मध्येच एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. पुढे १९७६ मध्ये ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आले. १९७५ च्या नागपूर येथील विश्व हिंदी संमेलनातील मागणीतून महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय १९९७ मध्ये वर्ध्यात स्थापन झाले. तेथे आज जनसंचाराचेही अध्ययन-संशोधन चालते. म्हणजे तंत्रज्ञान, संवाद आणि समाज हे तिन्ही शब्द वर्ध्याला नवे नाहीत. मात्र या तिन्ही शब्दांच्या मध्ये जात नावाचा जो चौथा शब्द बसलेला आहे, तो उच्चारायला येथील कार्यशाळा आजही कचरतात.

पत्ता बदलला, वस्ती बदलली का?

सेगाव या गावाचे नाव सेवाग्राम कसे झाले, हे बहुतेकांना ठाऊक आहे. गांधीजी १९३६ मध्ये सेगावला राहायला गेले. त्यांची टपाले बुलडाणा जिल्ह्यातील शेगावला जाऊ लागली. हा घोटाळा टाळण्यासाठी १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम करण्यात आले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या काळात आश्रमात टेलिफोन बसला. तो आजही तेथे पाहायला मिळतो. एका लहानशा खेड्याचा थेट दिल्लीशी संवाद सुरू झाला. पत्रे आली, तारा आल्या, देश-विदेशांतील वार्ताहर आले.

संवादशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे उदाहरण मोठे मोलाचे आहे. पण त्याने पुढचा प्रश्नही विचारला पाहिजे. सेगावात अस्पृश्यांची वस्ती मोठी होती. त्या वस्तीतील माणसाचा आवाज त्या टेलिफोनवरून कुठे गेला? आलेल्या हजारो पत्रांत त्यांच्या नावाची पत्रे किती होती? टपालाचा पत्ता बदलता येतो. पण पत्ता बदलल्याने गावकुसाबाहेरची वस्ती गावाच्या आत येत नाही. गांधीवादी संस्थांनी कष्ट केले नाहीत असे कुणी म्हणणार नाही. नालवाडीला चर्मालय चालले, जमनालाल बजाज यांनी वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुले केले. परंतु कातडे कमावण्याची रीत सुधारणे वेगळे आणि कातडे कमावण्याचे काम अमक्याच जातीने करावे हा दंडक मोडणे वेगळे. पहिल्याला तंत्रज्ञान म्हणतात, दुसऱ्याला समाजक्रांती. या दोहोंतील फरक ज्याला कळला नाही, त्याच्या प्रबंधाला कितीही तळटीपा असल्या तरी तो प्रबंध अधुराच राहणार.

बाबासाहेबांनी हा फरक नेमका ओळखला होता. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कामगिरीवरील ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधी विचाराचा सविस्तर समाचार घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की यंत्रामुळे दुष्परिणाम होत असतील तर दोष यंत्राचा नाही, यंत्र कुणाच्या मालकीचे आहे आणि समाजाची रचना कशी आहे त्याचा आहे. माणसाला पशूसारखे राबण्यातून सुटका हवी, मनाच्या वाढीसाठी फुरसत हवी, आणि ती फुरसत यंत्राशिवाय मिळणार नाही. हा केवळ लेखनातला विचार नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना दामोदर खोऱ्याची योजना, पाटबंधारे आणि वीज यांच्या धोरणात त्यांनी जातीने लक्ष घातले. त्याच काळात अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळाव्यात, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. ज्यांच्या वाट्याला हजारो वर्षे फक्त अंगमेहनत आली, त्यांच्या दृष्टीने यंत्र ही चैन नव्हती, सुटका होती.

दवंडी देणाऱ्याचा निरोप

आता संवादाकडे वळू. टपाल आणि तार येण्यापूर्वी गावाचे संपर्कमाध्यम कोणते होते? ते होते महाराचे पाय आणि महाराचा गळा. मयताचा सांगावा परगावी पोचवायचा महाराने. सरकारी निरोप, वसुलाचा भरणा न्यायचा महाराने. शिवेचा वाद झाला तर साक्ष द्यायची महाराने. विदर्भात कोतवालकी बहुतांशी महाराकडेच होती. दवंडी त्याने द्यायची, पाटलाचा हुकूम घरोघर त्याने सांगायचा. उन्हातान्हात, रात्री-अपरात्री, पावसात. म्हणजे साऱ्या गावाची दळणवळण यंत्रणा ज्याच्या जिवावर चालत होती, त्याला स्वतःचे गाऱ्हाणे मांडायला मात्र चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागत होते. सगळ्यांचे निरोप वाहणारा, पण ज्याचा निरोप कुणीच वाहत नाही असा हा माणूस. संवादशास्त्राच्या कोणत्या पाठ्यपुस्तकात त्याच्यावर एक प्रकरण आहे?

मुंबई इलाख्यातील या वेठबिगारीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक आणले. तेथील कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. पण निरोप्याला वाणी देण्याचे काम त्यांनी त्याआधीच हाती घेतले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. 'केसरी'ने तर पैसे देऊ करूनही 'मूकनायक'ची जाहिरात छापायला नकार दिला. पुढे १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. छापखाना हे त्या काळचे नवे तंत्रज्ञान होते. ते दुसऱ्याच्या हातात असेल तर आपली जाहिरातसुद्धा छापून येत नाही, हा धडा आपल्या समाजाने शंभर वर्षांपूर्वीच घेतला.

आणि जेथे अक्षर पोचत नव्हते तेथे आंबेडकरी जलसा पोचला. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी, पुढे वामनदादांसारख्या लोककवींनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर बायाबापड्यांच्या ओठांवर नेऊन ठेवला. नंतर ध्वनिफिती आल्या, मग तबकड्या आल्या, आता भ्रमणध्वनी आला. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला लागणारी पुस्तकांची आणि गाण्यांची दुकाने पाहा. कोणत्याही सरकारी खात्याने, कोणत्याही भांडवलदाराने न उभारलेले एवढे मोठे लोकमाध्यम देशात दुसरे क्वचितच सापडेल. यावर किती प्रबंध झाले? जलशांच्या वह्या घराघरांतील पेट्यांत वाळवी खात आहेत. ध्वनिफितींना बुरशी लागते आहे. त्या गाणाऱ्यांची पिढी एकेक करून निघून चालली आहे. संशोधनाचा विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या आजोबांची पेटी उघडावी.

९ मे १९१६

संशोधक विद्यार्थ्यांच्या चर्चासत्राचा विषय निघाला म्हणून एका चर्चासत्राची आठवण करून देणे आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात ९ मे १९१६ रोजी पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्याने निबंध वाचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर तो तेथे पोचला होता. निबंधाचा विषय होता भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. यातला 'यंत्रणा' हा शब्द लक्षात घ्यावा. जात ही केवळ भावना नाही, केवळ धर्माज्ञा नाही, तर ती चालणारी एक यंत्रणा आहे, तिचे भाग आहेत, आणि तिचा मुख्य कणा जातीअंतर्गत विवाह आहे, असे त्या तरुणाने सिद्ध केले. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथांचा त्या यंत्रणेतील उपयोग त्याने उलगडून दाखवला.

शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज विवाह जुळवणारी संकेतस्थळे निघाली आहेत. त्यांच्या अर्जात धर्माचा रकाना आहे, जातीचा आहे, पोटजातीचा आहे. एक कळ दाबली की जातीबाहेरची सारी स्थळे गाळली जातात. पूर्वी जे काम भावकीच्या बैठकीला चार दिवस लागून होत असे, ते आता क्षणात होते. यंत्र नवे, यंत्रणा तीच. बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध हातात घेऊन या संकेतस्थळांचा अभ्यास केला, तर तंत्रज्ञान आणि समाज या विषयावरचा एक अव्वल दर्जाचा प्रबंध होईल. त्यासाठी परदेशी विद्वानांच्या सिद्धांतांची उसनवारी करण्याची गरज नाही. आपल्या घरात सिद्धांत आहे.

बातमी कोण ठरवतो?

प्रस्थापित प्रसारमाध्यमांत आपण कुठे आहोत? १९९६ मध्ये बी. एन. उनियाल यांनी दिल्लीत दलित पत्रकार शोधण्याचा प्रयत्न केला आणि हाती काय लागले ते लिहिले. २००६ मध्ये अनिल चमडिया, योगेंद्र यादव आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतील ३७ हिंदी-इंग्रजी माध्यमसंस्थांतील निर्णय घेणाऱ्या ३१५ पदांची पाहणी केली. त्यात अनुसूचित जाती-जमातीचा एकही माणूस आढळला नाही. यातील चमडिया यांनी पुढे काही काळ वर्ध्याच्या विद्यापीठात अध्यापनही केले. २०१९ मध्ये ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांच्या अहवालात नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ उच्चवर्णीयांकडे आणि अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य, असे चित्र पुढे आले. तेरा वर्षांत वाहिन्या वाढल्या, संकेतस्थळे आली, शून्य मात्र जागच्या जागी राहिले.

या शून्याचा अर्थ काय होतो, ते विदर्भाने २००६ मध्येच भोगले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. तीनच दिवसांनी नागपूरला धम्मदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यासाठी लाखोंचा जनसागर लोटला होता आणि वाहिन्यांचे कॅमेरेही होते. तरीही बहुतेक मोठ्या माध्यमांनी या हत्याकांडाची खरी दखल घेतली ती नोव्हेंबरमध्ये लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. तोवर ही वार्ता वाहिली ती कार्यकर्त्यांनी, सत्यशोधन समित्यांनी, चळवळीच्या नियतकालिकांनी आणि भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांनी. पुन्हा एकदा आपलाच निरोप्या आपल्या पायांनी धावला. फरक एवढाच, की या वेळी निरोप त्याचा स्वतःचा होता. बुंदेलखंडात २००२ पासून दलित आणि ग्रामीण स्त्रियांनी 'खबर लहरिया' हे पत्र आपल्या बोलीत चालवून दाखवले, ते याच जातकुळीचे काम होय.

यंत्र कुठे येते, कुठे अडते?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. प्रत्येक भारतीयाला त्याचा अभिमान वाटला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला गटारात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या वारसांना तीस लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश द्यावा लागला. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. चंद्रावर यान उतरवणाऱ्या देशाला गटार साफ करणारे यंत्र बनवता येत नाही काय? यंत्र आहे. पण जेथे जातीने माणूस स्वस्त उपलब्ध करून ठेवला आहे, तेथे यंत्रावर खर्च करावासा कुणाला वाटत नाही. तंत्रज्ञान कुठे पोचते आणि कुठे अडते, याचा नकाशा काढला तर तो जातीच्या नकाशाशी मिळताजुळता निघेल.

याउलट काही यंत्रे आपल्या वस्तीत फार लवकर येतात. रेशन दुकानात अंगठा उमटवण्याचे यंत्र आले. निंदण-वेचणीने, विटा-दगडांच्या कामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा अंगठा यंत्र ओळखत नाही. जिने आयुष्यभर कापूस वेचला, तिला तिच्याच हातामुळे धान्यासाठी हेलपाटे घालावे लागतात. शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन झाले. पण राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आकड्यांनुसार ग्रामीण भागात संगणक असलेली घरे शंभरात साडेचारसुद्धा नव्हती आणि इंटरनेटची सोय असलेली घरे शंभरात पंधराच्या आसपास होती. दोनच वर्षांनी कोरोनाच्या टाळेबंदीत याच घरांतील मुलांना ऑनलाइन शिका म्हणून सांगण्यात आले. वर्धा हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. त्याआधी चारच वर्षे, २००२ मध्ये, बीटी कापसाला परवानगी मिळाली होती. त्या बियाण्यावर भरपूर संशोधन झाले. पण सातबाऱ्यावर ज्याचे नावच नाही त्या शेतमजुराचे काय झाले, ज्या बाईने फवारणीसाठी पाणी वाहिले तिचे काय झाले, हे विचारणारे किती निघाले?

काय करावे?

केवळ टीका करून भागणार नाही. संशोधक विद्यार्थ्यांनी काही गोष्टी आजपासून करता येतील. 'समाजमाध्यमांचा युवकांवरील प्रभाव' असल्या विषयावर शंभर प्रश्नावल्या भरून घेण्यापेक्षा एका गावातील एका रेशन दुकानासमोर महिनाभर बसावे. किती जणांचा अंगठा नाकारला गेला, त्यांना किती खेपा घालाव्या लागल्या, त्या दिवसाची मजुरी किती बुडाली, याची नोंद ठेवावी. जेथे कागद मिळत नाही तेथे २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचा वापर करावा. जुन्या कोतवालांच्या, जलसाकारांच्या, ध्वनिफिती विकणाऱ्यांच्या मुलाखती त्यांच्या संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात. ज्याने विश्वासाने अन्याय सांगितला त्याचे नाव उघड होऊन त्याला गावात त्रास होणार नाही, याची काळजी घ्यावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रबंध हिंदीत असो की इंग्रजीत, त्याचा सारांश साध्या मराठीत लिहून त्या वस्तीतल्या बुद्धविहारात वाचून दाखवावा. ज्यांच्याकडून माहिती घेतली, त्यांना ती परत करणे हे ऋण आहे, उपकार नव्हे.

कार्यशाळा भरवणाऱ्या प्राध्यापकांचीही जबाबदारी आहे. व्यासपीठावर कोण बसतो आणि सतरंज्या कोण उचलतो, एवढे त्यांनी पाहिले तरी समाजशास्त्राचा पहिला धडा तेथेच शिकवून होईल. विद्यार्थ्याने जातीचा प्रश्न विषय म्हणून मांडला, की 'हे फार भावनिक आहे' असे म्हणून तो बाजूला सारायचा, ही जुनी खोड त्यांनी सोडावी. यातली जोखीम काल्पनिक नाही. रोहित वेमुला हा हैदराबाद विद्यापीठात विज्ञान, तंत्रज्ञान आणि समाज याच विषयाचा संशोधक होता. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते. त्याची अधिछात्रवृत्ती थांबली, वसतिगृहातून त्याला बाहेर काढले गेले आणि १७ जानेवारी २०१६ रोजी त्याने जीवन संपवले. आपल्याच महाराष्ट्रात बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. ग्रंथालयात बसण्याचे दिवस ज्यांना मैदानात काढावे लागतात, त्यांच्याकडून जागतिक दर्जाच्या संशोधनाची अपेक्षा करणारी व्यवस्था स्वतः काय देते, हेही एकदा तपासले पाहिजे. अधिछात्रवृत्ती वेळेवर मिळणे ही दया नाही. सयाजीरावांची शिष्यवृत्ती वेळेवर पोचली म्हणून ९ मे १९१६ चा तो निबंध वाचला गेला, हे सरकारने विसरू नये.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा बोलबाला सुरू झाला आहे. ही यंत्रे माणसाने आजवर जे लिहून ठेवले त्यावरून शिकतात. मग ज्यांना हजारो वर्षे लिहूच दिले नाही, त्यांच्याविषयी ती काय शिकतील? दुसऱ्यांनी आपल्याविषयी जे लिहिले तेच ना? म्हणून आपले आपण लिहिणे, आपल्या भाषेत लिहिणे, पुराव्यानिशी लिहिणे याला आज कधी नव्हे एवढे महत्त्व आले आहे. 'मूकनायक'च्या काळी छापखाना हाती घेण्याचा प्रश्न होता, आज माहितीचा साठा हाती घेण्याचा प्रश्न आहे. समुद्रपूरच्या त्या मुलीने आपल्या आईच्या झिजलेल्या अंगठ्यावर प्रबंध लिहावा. तो खऱ्या अर्थाने तंत्रज्ञान, संवाद आणि समाज या विषयावरचा प्रबंध ठरेल. आणि तो तपासायला बसलेल्या विद्वानांना एकदा तरी स्वतःच्या गुळगुळीत बोटांकडे पाहावे लागेल.